यमूचं शेवटचं पान

हिरू,

ज्या वाक्याखाली तू सोळा वर्षं पोरांना सह्या दिल्यास ते वाक्य तुझं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. ते तुझं नाही हे तू एकाच बाईला सांगून पाहिलंस, तिनं विश्वास ठेवला नाही. मी सोळा वर्षं कुणालाच सांगितलं नाही. तू जाऊन आज बावीस दिवस झाले. मी लिहायला बसलो आहे ते धीर आला म्हणून नव्हे. गेल्या रविवारी शहापूरला तुझी शोकसभा झाली. तिथं आठवीतल्या एका मुलीनं उभं राहून तेच वाक्य पाठ म्हटलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. अध्यक्ष मी होतो, आणि मी मान हलवली. घरी पोचेपर्यंत त्या हललेल्या मानेची इतकी लाज वाटत होती की बायकोनं चहा पुढे ठेवला तर तिच्याकडे बघवेना.

'मांडवाखालची यमू' ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तू वैतागशील. "गुरुजी, तुमी गोष्ट सांगायच्या आधी गोष्टीची गोष्ट सांगता," असं तू म्हणायचीस. यमू ही चौदा वर्षांची वारली मुलगी. आश्रमशाळेत आठवीला. तिची आते धवलेरी आहे, म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही, धवलेरीच्या गाण्यांनी लग्न लागतं. तिनं देवांना हाका मारल्या नाहीत तर नवरा-नवरी नुसतीच शेजारी बसलेली दोन माणसं. शाळेतल्या मुली यमूला आतेवरून चिडवतात. होळीला ती घरी येते, आते तिला लग्नालग्नांतून सोबत फिरवते, आणि ती प्रत्येक मांडवात तोंड फुगवून बसते. मग एका दुपारी आतेचा आवाज मध्येच फाटतो. आपल्याला यातलं काही येत नाही असं सगळ्यांना सांगणारी यमू ते गाणं तिथून उचलते आणि पुढे नेते. इथपर्यंतचा शब्द न् शब्द तुझा आहे.

त्यानंतरचं शेवटचं पान माझं.

छापलेल्या पुस्तकात यमू वार्षिक परीक्षेसाठी शाळेत परत जायला निघते. आते पलीकडच्या मांडवात गात असते. एसटी येते, यमू ट्रंक घेऊन चढते. आणि मग ते वाक्य: 'मागून आतेचा आवाज येत राहिला, पण यमूनं मागं वळून पाहिलं नाही.'

तू मला दिलेल्या हस्तलिखित वहीत एसटी येते, कंडक्टर ओरडतो, "चल गो पोरी, चढ लवकर," आणि यमू म्हणते, "तुमी जावा." गाडी जाते. ती ट्रंक डोक्यावर घेऊन मांडवात परत येते आणि आतेच्या शेजारी बसते. आते तिला विचारत नाही की तू का आलीस. एवढंच म्हणते, "सरक, माझ्या पदरावर बसलीस." मग दोघी मिळून गाणं सुरू करतात. यमूचं वर्ष बुडणार आहे, हे यमूला माहीत आहे. पुढे काय, ते तू लिहिलं नव्हतंस.

मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. खरा राग. माझी सगळी नोकरी आश्रमशाळांत गेली. होळीला पोरं घरी जायची आणि परत यायचीच नाहीत. मग मी तानसाच्या जंगलातल्या पाड्यापाड्यांवर हिंडून एकेकाला गोळा करून आणायचो. तुलाही तसंच आणलं होतं. तू आठवीत होतीस. मी तुमच्या ओट्याशी आलो तर तू घरात भाताच्या कणगीमागे लपलेली, आणि तुझी धवलेरी आते जानकी, जिला अख्खा पाडा जानीआते म्हणतो, ती दारात उभी राहून हसत होती. "ने तिला मास्तर," ती म्हणाली. "पन हिचं गानं अर्धं ऱ्हायलंय. ते कोन पुरं करंल? तू?" मीही हसलो. तुझ्या मनगटाला धरून तुला रस्त्यापर्यंत आणलं. तू रडत नव्हतीस. तू दर चार पावलांनी मागं वळून बघत होतीस.

तू दहावी झालीस, अंगणवाडीत लागलीस, पोरांना गोष्टी सांगता सांगता लिहायला लागलीस. मला तू शंभर वेळा म्हणाली असशील, "गुरुजी, तुमी त्या दिशी नेलं नसतं तर मी आज मोळ्याच बांधत असते." ते खरं होतं. म्हणून तुझं शेवटचं पान मला कृतघ्नपणाचं वाटलं. मी जिला मनगट धरून शाळेत आणलं ती आपल्या पुस्तकातल्या पोरीला परत पाठवते म्हणजे काय? तू मला नावं ठेवत नव्हतीस, हे समजायला मला फार उशीर लागला. तू यमूला फक्त ते करू दिलंस जे तुला करायला मिळालं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात राहू शकतात, हे माझ्या मास्तरकीत बसत नव्हतं.

प्रकाशकासाठी स्वच्छ प्रत मी माझ्या हातानं लिहिली. तुझं अक्षर लागत नाही असं कारण सांगितलं, तेही पूर्ण खरं नव्हतं. शेवटच्या पानाशी आलो आणि माझं पान लिहिलं. तुला विचारलं नाही. विचारावं असं मनातही आलं नाही. पोराच्या निबंधातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करताना कुणी विचारतं का, तितक्या सहज मी ते केलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा तू मुरबाडला आमच्या अंगणात खुर्चीवर बसून वाचलंस. शेवटचं पान दोनदा उलटलंस, पुढे आणखी काही आहे का बघायला. मग म्हणालीस, "गुरुजी, हे असं कसं झालं?"

मी म्हणालो, "प्रकाशक म्हणाले, मुलांच्या पुस्तकाला तसा शेवट चालत नाही."

प्रकाशकांनी तुझं पान कधी बघितलंच नव्हतं.

तू पुस्तक मिटलंस. मग हसलीस. "बरं. छापनारे ते, त्यांचा मान. पन यमी गाडीत बसली खरी, तिला गाडी लागते हे मी आधीच्या पानावर लिवलंय. वकली असंल बिचारी." बायको आतून हसली, मीही हसलो. त्या हसण्यामागे मी सुखानं लपलो.

पुढे बक्षीस मिळालं. तुला शाल, मला शाल. तुला लेखिका म्हणून, मला 'तुला घडवणारा' म्हणून. ते वाक्य पत्रिकांवर छापलं गेलं, शाळांच्या भिंतींवर रंगवलं गेलं. पोरं पुस्तक उघडून नेमकं तेच पान तुझ्यापुढे धरायची, आणि तू त्याच्याखाली वळणदार सही करायचीस. मी शेजारी उभा असायचो. तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. हा तुझा मोठेपणा होता की शिक्षा, हे मी तुला विचारायला हवं होतं.

बक्षिसानंतरच्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या एका शाळकरी मुलीनं ते पुस्तक जानीआतेला ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तीन दुपारी चाललं होतं म्हणे. आते खूश होती. मध्येच टोकायची, "अशी मी कदी बोलली? बोलली असंल, बोलली असंल." येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची की पोरीनं मला बुकात घातलंय. तिसऱ्या दुपारी शेवटचं पान आलं. आते उठून आत गेली. संध्याकाळी तू अंगणवाडीतून आलीस तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्या गान्यातून उठून गेलीस. आन मागं बघितलंस पन नाय."

"आते, मी तसं नाय लिवलेलं."

"बुक कोनाचं? नाव कोनाचं?"

त्यानंतर ती तुझ्याशी कामापुरतं बोलायची. हे सगळं मला तूच सांगितलंस, पण बारा वर्षांनी, तुझ्या लेकीचं, सुरेखाचं लग्न ठरलं तेव्हा. तू तडक मुरबाडला आलीस आणि आल्या आल्या म्हणालीस, "गुरुजी, माझी वही द्या." मी विचारलं कशाला. तू म्हणालीस, "आते म्हनते, सुरीच्या लग्नाला मी गानार नाय. जिला माझं गानं नको तिच्या पोरीचं लगीन मी कशाला लावू. मी तिला सांगून दमले. वही दाखवली, बुक वाचलेल्या त्याच पोरीकडून वाचून घेतली, तर पटंल तिला. माझ्या हातचं जुनं अक्षर हाय."

मी म्हणालो, "परत लिहून दाखव ना. तुला आठवत असेलच."

तू माझ्याकडे असं बघितलंस की अजून तो चेहरा समोर आहे. "आता लिवलं तर ते आता लिवलेलं असंल, गुरुजी."

वही माझ्या कपाटात होती. खालच्या कप्प्यात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली. तू बसली होतीस तिथून सहा पावलांवर. आणि मी म्हणालो, "ती तेव्हाच छापखान्यात हरवली गं. मी तुला सांगणार होतो."

का म्हणालो? त्या वर्षी माझ्या पंचाहत्तरीच्या सत्काराची बोलणी चालू होती. वही पाड्यावर गेली असती, तिथून शाळेत, शाळेतून आणखी कुठे. कुणीतरी विचारलं असतं की मग ते वाक्य कुणाचं. इतकं क्षुल्लक कारण होतं. याहून मोठं कारण शोधायचा मी चार वर्षं प्रयत्न केला, सापडलं नाही.

सुरेखाच्या लग्नाला कसाऱ्याकडच्या पाड्यावरून दुसरी धवलेरी आणली. चांगली गायली. जानीआते पन्नास पावलांवर आपल्या घरात दार लोटून बसली होती. गाणं ऐकू जात असणार. मी लग्नाला होतो. पंगतीत बसलो. तू भात वाढायला आलीस आणि म्हणालीस, "गुरुजी, घ्या अजून थोडा, आमचाच हाय." मी घेतला आणि खाल्ला. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी मी खोटा वागलो असेन, पण त्या पानावरचा भात मला आठवतो तसं दुसरं काही आठवत नाही.

आपली शेवटची भेट यंदा मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत झाली. तू घोंगडी घ्यायला आली होतीस. घोंगडीवाल्याशी तुझं भांडण चाललं होतं, आणि मला बघताच तू त्याला म्हणालीस, "हे बघ माझे गुरुजी आले. हे सांगतील घोंगडी खरी का खोटी, यांना सगळं कळतं." मग आपण चहाच्या टपरीवर बसलो. तू कुठल्याशा लेखन शिबिराहून नुकतीच आली होतीस. तिथं एका मुलीनं तुम्हाला एका परदेशी लेखिकेच्या पुस्तकाबद्दल सांगितलं होतं. अमेरिकेच्या उत्तरेला मोठमोठ्या तळ्यांच्या काठी ओजिब्वे नावाचे लोक राहतात, ती त्यांच्यातली. तीही तुझ्यासारखी वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिते. तुला लेखिकेचं नाव सांगता येत नव्हतं, पण गोष्ट तोंडपाठ होती.

"गुरुजी, त्यांचा भात तळ्यात होतो. होडीत बसून काठीनं झोडतात. आपल्यासारखंच, नुसतं पान्यात." तू हातानं झोडून दाखवलंस, बशीतला चहा सांडला. "आन त्यांच्याकडची पोरंसुद्धा सरकारनं लांबच्या शाळांत नेऊन ठेवली व्हती. केस कापले. बोली बंद केली. त्या बाईच्या गोष्टीतली पोर शेवटी आजीकडंच ऱ्हाते. भात झोडायला. आन लोक त्याला लय चांगलं पुस्तक म्हनतात."

मी म्हणालो, "तिकडची गोष्ट वेगळी, हिरू. त्यांना शाळेत जबरदस्तीनं नेलं. मी तुम्हाला शिकावं म्हणून नेलं."

"मनगट तर धरलं व्हतं ना."

"मग काय, नको होतं न्यायला?"

"असं कुठं म्हनले मी? तुमी एक तर हे म्हनता नाय तर ते म्हनता. दोन्ही व्हतं ना, गुरुजी." मग तू चहाचा पेला खाली ठेवलास आणि विचारलंस, "ती वही खरंच हरवली?"

जत्रेचा गोंगाट होता. मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "हरवली गं."

"बरं," तू म्हणालीस. घोंगडी खांद्यावर टाकून उठलीस. "जपून जावा. गुडघे संभाळा." तुझ्या पुढच्या दोन पुस्तकांची हस्तलिखितं तू मला दाखवली नव्हतीस. त्यावरून मी समजायला हवं होतं की तुला सगळं कळलेलं आहे. तरी तू विचारलंस. मला खरं बोलायची एक संधी देण्यासाठी विचारलंस, असं आता वाटतं. तेही मी माझ्या सोयीचं मानतो आहे की काय, कोण जाणे.

तीन दिवसांपूर्वी मी वही घेऊन पाड्यावर गेलो. सुरेखा माहेरीच होती. जानीआते ओट्यावर मोहाची फुलं निवडत होती. ऐंशीच्या पुढे गेली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, बोटांना सगळं दिसतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "आते, पुस्तकातलं ते शेवटचं पान हिरूनं लिहिलेलं नाही. मी लिहिलं. तिची वही हरवली नव्हती. माझ्याकडेच होती."

सुरेखा दारात येऊन उभी राहिली. आते फुलं निवडत राहिली. मग म्हणाली, "ती सांगत व्हती मला. मी म्हनलं, छापलंय. मास्तर, तूच सांगायचास ना पाड्यावर येऊन, डागदरचे कागद वाचून, की छापलेलं खोटं नसतं?"

"हो."

"मंग मी तुझं ऐकलं. पोरीचं नाय ऐकलं."

सुरेखा म्हणाली, "गुरुजी, माझ्या लग्नात आई स्वयंपाकाच्या धुरात जाऊन रडत व्हती. मला वाटलं मी जाते म्हनून रडते." आणि ती आत गेली. ती मला क्षमा करणार नाही. तिनं करूही नये.

आते म्हणाली, "वाच."

मी वाचलं. एसटी आली, कंडक्टर ओरडला, यमू म्हणाली तुमी जावा. "सरक, माझ्या पदरावर बसलीस" आलं तेव्हा आतेचा हात फुलांवर थांबला. मग दोघींचं गाणं आलं, ज्यात यमू पहिल्यांदा स्वतः देवांना हाका मारते. मी वही मिटली. आते म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. या वेळी ती मध्येच बोलली.

"चुकलं."

"काय चुकलं, आते?"

"देव चुकले. आधी धरतरीला हाक मारायची, मंग कनसरीला. जमीन आधी, दाना मागून. हिनं कनसरी आधी घातली. लहानपनी पन तिथंच चुकायची. दहादा सांगितलं. पोर शिकलीच नाय नीट, लिवत बसली." ती हसली, आणि हसता हसता तोंडावर पदर घेऊन बराच वेळ तशीच राहिली. मग पदर काढून खडसावल्यासारखं म्हणाली, "बदल ते."

"नाही बदलणार."

"का रं? तवा माझी यमी मांडवातून उठवून गाडीत बसवलीस, तवा हात नाय कापला. आता दोन देव हिकडचे तिकडं करायला कापतो व्हय?"

"तिनं लिहिलंय तसंच राहील, आते."

"मंग लोकं म्हनतील, जानीला गानं येत नव्हतं."

"म्हणतील."

तिनं फुलांची पाटी पुढे ओढली आणि म्हणाली, "म्हनू दे. आता जा. वही सुरीकडं दे."

वही मी सुरेखाच्या हातात दिली. त्याआधी, तिच्याच समोर बसून, तुझं पान कागदावर उतरवून घेतलं, आणि मी उतरवलेलं तिनं वहीशी शब्दागणिक ताडून पाहिलं. ते पान काल सकाळी प्रकाशकांना पाठवलं, हा मजकूरही मागोमाग जाईल. नवीन आवृत्तीत माझं पान काढून तुझं घालावं आणि ते का, हे पुस्तकातच छापावं, असं कळवलं आहे. त्यांनी फोनवर एकच शंका काढली. त्यांच्याकडे कुणी जाणकार आहेत, ते म्हणाले की गाण्यात देवांचा क्रम उलटा पडलाय, दुरुस्त करून घेऊ का?

मी नको म्हणालो. ती चूक आहे की तू मुद्दाम तसं लिहिलंस, यमूच्या तोंडी तुझी लहानपणीची चूक ठेवलीस, हे मला माहीत नाही. तू होतीस तेव्हा मी काहीच विचारलं नाही, आणि आता विचारायला तू नाहीस. कणसरी आधी आहे. मी हात लावलेला नाही.